पहिली चूक शोध

बेला, जि. आदिलाबाद
पोळ्यानंतरचा चौथा दिवस

चि. बाळी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पोळ्याला तुझा चुलतभाऊ पुण्याहून आला होता. बैल धुताना त्यानं सहज सांगितलं, की तीन आठवडे तू डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल बांधत होतीस, ते काही केल्या बांधलं जाईना. शेवटी एका सीनियरच्या खात्यातलं तयार फोल्डर उचललंस आणि त्यावरच पैनगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाचे नकाशे काढलेस. चाचणी चालवली नाहीस. आणि आता ते नकाशे सेमिनारमध्ये दाखवणार आहेस. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. "ताईनं बरोबर मार्ग काढला" असं कौतुकानं म्हणाला. माझ्या हातातली बैलाची झूल हातातच राहिली.

हे खरं आहे का गं? चाचणी खरंच चालवली नाहीस?

अक्काला मी यातलं काही बोललो नाही. तिला आधीच तुझ्या जेवणाची काळजी. फोनवर तू "हो हो, जेवले" म्हणतेस आणि मागून पंख्याचा नाही, लॅबच्या एसीचा आवाज येतो, हे तिलाही कळतं.

दुसऱ्यानं बांधलेलं वापरणं पाप नाही. सगळं जग वापरतं. पण ते त्याच्या मशीनवर, त्याच्या कंपायलरनं बांधलेलं. नेटसीडीएफ ही लायब्ररी ज्या कंपायलरनं बांधली, मॉडेलही त्याच कंपायलरनं बांधायला हवं, हे तुला मागच्या दिवाळीत आपल्या ओट्यावर बसून मीच सांगितलं होतं. तुझ्या मशीनवर दुसरीच लायब्ररी असेल, तू नुसता रस्ता तिकडे वळवून दिला असशील, आणि प्रोग्रॅम मुकाट्यानं चालू लागला असेल. चालला म्हणजे बरोबर चालला, असं कुणी सांगितलं तुला? मोडकी तिफणही चालते. बी कुठं पडतं आणि कुठं नाही, ते उगवल्यावर दिसतं.

आणि तुझ्या स्वतःच्या बांधणीचं काय झालं? पोरानं मला तुझ्या स्क्रीनचा फोटो दाखवला. त्यात फक्त शेवटच्या पंधरा ओळी. तिथं एवढंच लिहिलेलं, की एक्झिक्युटेबल तयार झाली नाही. अगं, तो शेवट आहे, कारण नव्हे. डब्ल्यूआरएफची बांधणी मध्ये एक फाइल अडली म्हणून थांबत नाही, पुढच्या फाइली करत राहते. एक मॉड्यूल तयार झालं नाही, की त्याच्यावर अवलंबून असलेल्या पन्नास फाइली ओरडतात, आणि आपण त्या पन्नासांच्या मागे रात्री घालवतो. लॉग वरून खाली वाच. 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठं आला ते शोध. तेवढी एकच चूक तुझी, बाकीच्या तिच्या सावल्या.

तुझ्या संस्थेच्या मशीनवर नवा जीफोरट्रान कंपायलर असेल आणि तू मॉडेलची जुनी आवृत्ती घेतली असशील, तर मला अंदाज आहे. दहाव्या आवृत्तीपासून जीफोरट्राननं एक ढिलाई बंद केली. एकाच सबरुटीनला एकदा पूर्णांक आणि एकदा दशांश संख्या दिली, तर आधी तो नुसती ताकीद देऊन पुढे जाऊ द्यायचा, आता अडवतो. त्यासाठी एक फ्लॅग आहे, तो कॉन्फिगरच्या फाइलमध्ये घालता येतो. घाल, पण कुठल्या फाइलसाठी घातलास आणि का, ते वहीत लिही. आणि मग चाचणी चालव. २००० सालच्या जानेवारीतलं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हिमवादळ घेऊन त्या मॉडेलची नवी बांधणी कित्येक वर्षं तपासली जात आली आहे, ते काही उगाच नाही. तुला पैनगंगा हवी आहे, हिमवादळ नको, हे मला कळतं. पण ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते ज्या यंत्राला बरोबर देता येत नाही, त्याच्या पैनगंगेवर मी का विश्वास ठेवू?

मी रागावून लिहितोय, ते तुला दिसतंच आहे. पुढचं वाचलंस की का ते कळेल. हे मी अक्कालाही कधी सांगितलेलं नाही.

पुण्यात १९९१ साली सीडॅकचा परम ८००० महासंगणक आला, त्याची हवा आम्हा सगळ्या पोरांच्या डोक्यात गेली होती. अमेरिका जे मशीन देईना ते आपण इथं बांधलं, याचा अभिमान मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी दुसऱ्याच एका कार्यालयात कंत्राटावर होतो. काम असं, की पावसाचं पाणी नदीत किती उतरेल याचा एक जुना फोरट्रान प्रोग्रॅम नव्या मशीनवर आणायचा. आणला. दोन्ही मशीनवर चालवला. जुन्याचा कागद आणि नव्याचा कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि तिसऱ्या दिवसाचा आकडा जुळेना. थोडा नव्हे, डोळ्यांत भरेल इतका फरक. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायचं होतं. मी जुना कागद ड्रॉवरमध्ये घातला आणि नवा फाइलीला लावला.

सहा महिन्यांनी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला कारण सापडलं. प्रोग्रॅममध्ये एका संख्येला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. जुन्या मशीनवर त्या जागी आपसूक शून्य असायचं, नव्यावर तिथं जे पडलेलं असेल ते. त्यानं प्रामाणिकपणे वर कळवलं. तोवर त्या आकड्यांवर त्याचं चार महिन्यांचं काम उभं राहिलं होतं, आणि ते सगळं त्याच्याच नावावर होतं. त्याचं कंत्राट पुढे चाललं नाही. मी तेव्हा उठून म्हणायला हवं होतं, की कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी म्हटलं नाही. त्याला मी आजतागायत पत्रही लिहिलेलं नाही. तुझ्या त्या फोल्डरची गोष्ट ऐकली आणि मला तो ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

तेव्हा मीही मनाशी म्हटलं होतं, हवामानाच्या गणितात फरक पडायचाच. तू तसं म्हणू नकोस. हवामानशास्त्रज्ञ लॉरेंझची गोष्ट तुला पाठ आहे. १९६१ साली त्यानं ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ घातलं आणि पुढचं सगळं हवामान बदललं. पण ते हळूहळू बदललं. सुरुवातीला दोन्ही रेषा एकमेकींना धरूनच चालत होत्या. तुझ्या दोन बांधणींत पहिल्या तासालाच फरक दिसला, तर तो लॉरेंझ नव्हे, तुझी बांधणी आहे. एका कोअरवर चालव, सोळा कोअरवर चालव, पहिल्या तासाचे आकडे शेजारी ठेव. आणि फरक निघाला तर तो कागद ड्रॉवरमध्ये घालू नकोस, एवढंच मागतो.

तू आठवीत होतीस, ते वर्ष आठवतं ना? रोहिणीतच आभाळ भरून आलं. चांगला पाऊस येणार असं जो तो सांगत होता, टीव्हीवर, चावडीवर. भाऊजींनी सरकी टोबली. एक सर आली, वरची माती ओली झाली आणि मग अठरा दिवस नुसतं ऊन. मी त्यांच्याबरोबर वावरात गेलो होतो. भाऊजी उकिडवे बसले, बोटानं वरची पापडी उचलली, खालून बी काढलं. मोड फुटून वाळलेला, दोऱ्यासारखा पिवळा. त्यांनी ते बी तसंच पुन्हा मातीत ठेवलं आणि वरून माती सारखी केली. दुबार पेरणीला पुन्हा साडेचारशे ग्रॅमची पाकिटं आणली, त्या पैशासाठी अक्काच्या पाटल्या गेल्या. माझ्या त्या आकड्यानं ते बी वाळलं नाही, मला ठाऊक आहे. पण त्या सांजेला मी जेवू शकलो नाही.

आणि तू तर त्यासाठीच गेलीस ना तिकडे? मराठी शाळेतून आदिलाबादला, तिथून हैदराबादला, तिथून पुण्याला. प्रत्येक ठिकाणी भाषा बदलली आणि प्रत्येक ठिकाणी तू रडून-रडून शिकलीस. मे २०२५ मध्ये तुमच्या पुण्याच्या आयआयटीएमनं केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, दर सहा किलोमीटरचा अंदाज देणारी, तेव्हा भाऊजींनी मला विचारलं होतं, "सहा किलोमीटर म्हणजे आपलं बेला आणि जैनथ वेगळं दिसेल का हो?" दिसेल म्हटलं. "बाळी असंच काही करते ना?" हो म्हटलं. त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

वाचून रडली असशील, तर पाणी पी. मी फार बोललो. तीन आठवडे एकटीनं लॉगसमोर बसणं काय असतं, ते मला चांगलं माहीत आहे. माझ्याजवळ तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून मी ड्रॉवर उघडला. तुला मी आहे. सेमिनार पुढं ढकलायला सांग. गाइडना खरं ते सांग, की बांधणी तपासायची राहिली. रागावतील, रागावू देत. नाहीच जमलं, तर नांदेडला ये, तिथून किनवटवरून येणाऱ्या गाडीत बस, मी आदिलाबाद स्टेशनवर येतो. जंगलातली सीताफळं यायला लागलीत. अक्कानं चार कणगीत भुशात ठेवलीत, तुझ्यासाठी म्हणून कुणाला हात लावू देत नाही.

आणि पूर्ण लॉग पाठव, फोटो नको, फाइल पाठव. घरात रेंज नसते, म्हणून रात्री नऊनंतर मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसेन. तू वरून वाच, मी ऐकतो. पहिली चूक सापडेपर्यंत बसू.

तुझा
मामा