फी भरण्याआधी एक महिना

कॉम्प्युटरच्या पदवीचा शेवटचा पेपर झाला की घरीदारी एकच प्रश्न: पुढे कशात? मित्र डेटा सायन्सला गेला म्हणून आपणही, असं करू नका. कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी एक महिना स्वतःसाठी काढा. जुना लॅपटॉप आणि दोनशे पानी वही पुरते.

ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून उधारीची वही मागून आणा. नावं बदलून शे-दोनशे नोंदी एक्सेलमध्ये उतरवा. चारही आठवडे याच नोंदी वापरायच्या, म्हणजे कुठलं काम आपल्याला मानवतं ते स्वच्छ कळतं.

पहिल्या आठवड्यात उधारी नोंदवायचं वेबपेज करा: लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, मोबाइलवर नीट दिसणारी यादी.

दुसरा आठवडा डेटाचा. कोणत्या महिन्यात उधारी जास्त साचते, ते पायथन आणि पांडाज वापरून काढा. या शाखेबद्दल गैरसमज फार, म्हणून इथे घाई नको. वहीत एका ओळीत ३/४/२४ असतं, दुसरीत ३ एप्रिल, तिसरीत नुसतं ‘सोमवार’. दिवस आधी लिहिलाय हे सांगितलं नाही, तर पांडाज ३/४ ला मुकाट्याने ४ मार्च धरतं आणि एप्रिलची उधारी मार्चात जाऊन बसते. मॉडेलपर्यंत पोचण्याआधी दिवसच्या दिवस अशा निवडानिवडीत जातात. त्यात रमलात की वैतागलात, ते खरं खरं लिहून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात तेच पेज लिनक्स सर्व्हरवर डॉकरमधून चालवा, मुद्दाम बंद पाडा, लॉग वाचून कारण शोधा. चौथ्यात त्याच्या लॉगिनवर एसक्यूएल इंजेक्शन करून बघा. पासवर्डशिवाय आत शिरता आलं, तर ती फट बुजवा. हे प्रयोग फक्त स्वतःच्या यंत्रणेवर करायचे.

रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहा: आज कुठे अडलो, आणि उद्या उठून तिथेच परत बसावंसं वाटतंय का. माझ्या मते निवड या दुसऱ्या उत्तरावर करावी, कारण नोकरीतही बराचसा वेळ अडलेलं सोडवण्यातच जातो.

आता बाजार बघा. फ्रेशरसाठीच्या तीस जाहिराती वाचून प्रत्येक मागणीपुढे रेघ ओढत जा. चार-पाच वर्षं काम केलेल्या कुणाला तरी गाठा. ‘स्कोप किती?’ हे विचारू नका. ‘ताई, गेल्या मंगळवारी दिवसभर काय काम केलंत?’ असं विचारा आणि ऐकत राहा.

मगच शिक्षणाकडे वळा. सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पदविकांसाठी सी-कॅट द्यावी लागते. सॉफ्टवेअर, बिग डेटा, एम्बेडेड, सुरक्षा असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. एमटेकचा विचार असेल तर गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे आधी नोकरी धरायलाही हरकत नाही.

वही मात्र जपून ठेवा. मुलाखतीत ‘प्रोजेक्ट सांगा’ म्हणाले, की त्या ३/४ पासून सुरुवात करा.