पाठ : आपोआप गिअर बदलणारी मोटार

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव ही गावे घाटाखाली आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे घाटावर आहेत. मलकापुराहून बुलढाण्यास निघाले, की मोताळा मागे पडते आणि पुढे राजूर घाट लागतो. कोणी कचेरीच्या कामाला जातो. कोणी आजारी माणसाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेतो. अशा वेळी चढावर गाडीने जोर सोडला तर? मागे वाहने, बाजूला दरी, आणि गाडीत रोगी. म्हणून गाडीचे दुखणे सपाट रस्त्यावर असतानाच ओळखले पाहिजे.

साध्या मोटारीत ड्रायव्हर डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. ऑटोमॅटिक मोटारीत क्लचचे पायडल नसते. गिअर गाडी आपोआप बदलते. अमेरिकेत ओल्ड्समोबिल मोटारीत अशी गिअरपेटी १९३९ साली आली. आपल्या देशात २०१४ साली मारुतीची सेलेरिओ गाडी ‘एएमटी’ गिअर घेऊन आली. तेव्हापासून कमी किमतीच्या मोटारींतही आपोआप चालणारा गिअर दिसू लागला.

ह्या गाड्यांचे प्रकार बरेच आहेत. त्यांतले दोन समजून घेऊ.

पहिला प्रकार एएमटी. हिच्या पोटात साधीच गिअरपेटी असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम मात्र यंत्र करते.

दुसरा प्रकार तेलावर चालतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. ह्या गिअरपेटीत वाऱ्याचे काम तेल करते. तेल कमी झाले किंवा खराब झाले, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नीट पोचत नाही.

गिअरच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरे असतात. ती ओळखायला शिका. ‘पी’ म्हणजे गाडी उभी. ‘आर’ म्हणजे मागे. ‘एन’ म्हणजे मोकळी. ‘डी’ म्हणजे पुढे. एएमटी गाडीत बहुधा ‘पी’ नसते.

आता बिघाडाच्या खुणा पाहू.

१. उशीर : दांडा ‘डी’वर किंवा ‘आर’वर टाकला, ब्रेक सोडला, तरी गाडी क्षणभर ढिम्म राहते आणि मग एकदम उचल घेते. पूर्वी असे होत नसेल, तर ही खूण समजा.

२. जोर निसटणे : अ‍ॅक्सिलेटर दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही. ही मोठी खूण आहे. चढावर ती लवकर कळते.

३. हिसका : गिअर बदलताना दणका बसतो. एएमटी गाडीत थोडी मान हलते, ते चालायचेच. पण दणका नवीन असेल किंवा वाढत असेल, तर दुर्लक्ष करू नये.

४. जळका वास : तेल तापून जळू लागले किंवा क्लचप्लेट घासली, की वास येतो.

५. गाडीखाली डाग : सकाळी गाडी उभी होती ती जागा पाहा. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याची भीती नाही. इंजिनाचे तेल बहुधा तपकिरी किंवा काळे असते. गिअरपेटीचे तेल पुष्कळदा लालसर असते. खाली जुना पुठ्ठा रात्रभर ठेवला, तर डाग चांगला दिसतो.

६. दिवा आणि अडकलेला गिअर : समोरच्या फळीवर दिवा लागतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये रखडत चालते. गिअरपेटी अधिक बिघडू नये म्हणून गाडीतला संगणकच असे करतो.

एक ड्रायव्हर मिस्त्रीकडे गेला. त्यांचे बोलणे असे झाले.

“मिस्त्रीकाका, गाडी नुसती आवाज करते. पळत नाई.”

“केव्हापासून, भाऊ?”

“झाले असतील पंधरा दिवस.”

“मग इतके दिवस काहून थांबला?”

“चालत होती न, म्हणून चालवली.”

‘चालते तोवर चालवू’ हेच महाग पडते. तेल कमी झाले तेव्हाच गाडी दाखवली, तर गळती बंद करून आणि तेल भरून काम भागू शकते. तशीच दामटली, तर आतल्या प्लेटा जळतात. मग गिअरपेटी खोलावी लागते. भाड्याने गाडी चालवणाऱ्याची कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते. गाडी गॅरेजात उभी राहते ती वेगळीच.

तरी प्रत्येक हिसका गिअरपेटीचाच असतो असे नाही. इंजिनाच्या बिघाडानेही गाडी हिसके देते. म्हणून कोणी पाहताक्षणी ‘गिअरपेटीच बदला’ म्हणाला, तर घाई करू नका. अगोदर विचारा : तेल किती आहे? गळती कुठे आहे? संगणक जोडून पाहिला का? त्यात काय दिसले? खर्च कागदावर लिहून घ्या आणि तो स्वतः वाचा. तेल कोणते घालायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. दुसरे तेल घालू देऊ नका.

घाटात ह्या गोष्टी ध्यानात ठेवा. चढावर थांबावे लागले, तर ब्रेक लावूनच थांबा. अ‍ॅक्सिलेटरवर गाडी तोलून धरू नका. त्याने एएमटीची क्लचप्लेट जळते. पुन्हा निघताना हँडब्रेकची मदत घ्या. उतारावर गाडी ‘एन’वर कधीही सोडू नका. खालचा गिअर ठेवा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. जळका वास आला, तर गाडी सुरक्षित बाजूला घ्या. हँडब्रेक लावा, धोक्याचे दिवे लावा आणि चाकामागे दगड ठेवा. रोग्याला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवा. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०८ ह्या क्रमांकावर फोन करता येतो.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले, म्हणजे तेलाच्या गिअरपेटीत तेल फिरत नाही. चाके मात्र फिरतात आणि आतले भाग सुके घासतात. गाडी उचलून मोठ्या वाहनावर ठेवून नेणे चांगले.

शेवटची गोष्ट. गाडीत एक लहान वही ठेवा. तारीख, किलोमीटर आणि दिसलेली खूण तीत लिहा. ‘सकाळी आर टाकला. उशीर लागला.’ एवढे दोन शब्द पुरेत. मिस्त्रीला ती वही दाखवा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचा पैसा वाचेल. लिहिता येऊ लागले त्याचा असा उपयोग रोज करावा.

अभ्यास

१. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. ही कशाची खूण आहे?
२. चढावर अ‍ॅक्सिलेटरवर गाडी का तोलून धरू नये?
३. पी, आर, एन, डी ह्या अक्षरांचे अर्थ वहीत लिहा.
४. आपल्या गावातील एखाद्या ड्रायव्हरला हा पाठ वाचून दाखवा आणि त्याला आलेला अनुभव पाच ओळींत लिहा.