वाकणारा आरसा

मुलांनो, लुकलुकणारे तारे पाहून आपणांस मौज वाटते. परंतु ज्योतिर्विदांना ती मोठीच अडचण होय. उष्ण व थंड हवेच्या हलत्या थरांतून येताना प्रकाश विसकटतो आणि दुर्बिणीतील प्रतिमा अस्पष्ट होते.

१९५३ साली अमेरिकन ज्योतिर्विद होरेस बॅबकॉक यांनी उपाय सुचविला : हवेमुळे आलेला दोष भरून निघेल, अशा रीतीने दुर्बिणीने क्षणोक्षणी आपली दुरुस्ती करावी. आज चिली देशातील पारानाल पर्वतावरील एका दुर्बिणीत सुमारे २ मिलिमीटर जाडीचा आरसा आहे. त्यामागील ११७० विद्युत्-साधने त्यास सतत हवा तसा वाकवितात.

परंतु इतकी पातळ काच सहज फुटते. म्हणून संशोधक कार्बनच्या तंतूंकडे वळले. गुळगुळीत साच्यावर राळेत भिजविलेल्या तंतूंचे थर निरनिराळ्या दिशांनी अंथरतात. ते तापवून घट्ट करतात, सोडवितात व वर धातूचा मुलामा देतात. असा आरसा हलका, चिवट व लवचीक असतो. मात्र तंतूंची वीण पृष्ठभागावर उमटली, तर प्रतिमा बिघडते. ती उमटू न देणे, हीच खरी कसोटी.

अचूकपणासाठी नेहमी ताठच राहावे लागते असे नाही. कधी नेमके वाकावेही लागते.