वाळवीची चाहूल

नाशिकच्या जुन्या वाड्यांत सागवानी खांब सहसा जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. विद्यार्थ्यांस असा वाडा दाखविताना ही रचना आवर्जून दाखवावी. जमिनीतील ओल लाकडात चढू नये हा तिचा एक लाभ. दुसरा असा की, माती व लाकूड यांची गाठ न पडल्यामुळे वाळवीस वर चढताना उघड्यावर यावे लागते, आणि उघड्यावर आली म्हणजे ती दिसते.

वाळवीस पांढरी मुंगी म्हणण्याची चाल आहे; ती योग्य नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. कामकरी वाळवीचे अंग मऊ असते व कोरड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून ती माती व लाळ यांची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधीत तिच्या आडून चालते. जोत्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात किंवा चौकटीच्या मागे दिसणारी ही मातीची रेघ हीच सर्वांत खात्रीची खूण. तिचा बोटभर भाग मोडून दोन दिवसांनी पाहावा. तो पुन्हा बांधला गेला असल्यास आत वस्ती जिवंत आहे. न बांधल्यास मात्र वाळवी गेली असे समजू नये. तिने वाट बदललेली असू शकते.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात. ते बाहेरून आलेले असतील, तर घरास वाळवी लागली असे ठरत नाही. परंतु बंद खोलीत खिडकीखाली गळून पडलेल्या पंखांचा खच आढळला, तर वारूळ जवळच असावे. मुंगीची कंबर बारीक व पुढचे पंख मोठे असतात. वाळवीची कंबर जाड व चारही पंख सारखे असतात. भिंग असल्यास हा भेद मुलांकडूनच शोधवून घ्यावा.

चौकटीवर टिचकी मारल्यास पोकळ आवाज येणे, रंगाचा पापुद्रा फुगणे, लाकूड बोटाने दाबताच खचणे, ही पुढची लक्षणे. ती दिसेपर्यंत बरेच लाकूड गेलेले असते. पावसाळ्यात दार घट्ट बसते ते बहुधा ओलीने. तसेच बारीक गोल छिद्रांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे समजावे.

शाळेत याहून मोठी काळजी दप्तराची. कागदही वाळवीचे अन्नच, आणि जनरल रजिस्टरातील जन्मतारखेची नोंद कित्येकांस साठाव्या वर्षीही लागते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवून त्याच्या पायांखाली दगड द्यावेत. पावसाळ्यापूर्वी व नंतर सर्व वह्या बाहेर काढाव्यात. तळाच्या वहीचा मागील पुठ्ठा प्रथम पाहावा. वाळवी बहुधा खालून येते, आणि वरची पाने कोरी करकरीत असतानाही आतील नोंदी संपलेल्या असतात.