दिव्यांचा प्रकाश आणि विजेचा खर्च

दिवेलागणीच्या सुमारास घरे, वसतिगृहे, दवाखाने आणि रस्ते यांवरील दिव्यांचा भार एकाच वेळी वीजव्यवस्थेवर पडतो. सूर्यास्तानंतर सौर प्रकल्पांची वीज उपलब्ध नसल्याने हा भार मुख्यत्वे कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांना उचलावा लागतो. अशा केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास अर्ध्या किलोपेक्षा अधिक कोळसा जळतो. शिवाय वहन व वितरण यांत काही वीज वाटेतच खर्ची पडते. त्यामुळे दिव्यापाशी एक युनिट वाचले, की केंद्रापाशी एकाहून अधिक युनिटांची निर्मिती वाचते. ग्रामपंचायतींना तर पथदिव्यांचे बिल दरमहा भरावे लागते. म्हणून कोणता दिवा किती विजेत किती प्रकाश देतो, याची माहिती सर्वांनाच असणे आवश्यक आहे.

वॅट आणि लुमेन

दिव्यावरील वॅटचा आकडा तो किती वीज घेतो हे सांगतो. तो किती प्रकाश देतो हे लुमेन या एककात मोजतात. एका वॅटमागे मिळणारे लुमेन म्हणजे त्या दिव्याची प्रकाश-कार्यक्षमता होय. ‘अधिक वॅट म्हणजे अधिक उजेड’ हा समज दिवे एकाच प्रकारचे होते तोवर चालून गेला. आता दिवा घेताना वेष्टनावरील लुमेनचा आकडा पाहणे अगत्याचे आहे.

चार प्रकारचे दिवे

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार सुमारे २,४०० ते २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व प्रकाशू लागते. दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहावा भाग किंवा त्याहूनही कमी अंश दृश्य प्रकाशात उतरतो. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० लुमेन, म्हणजे वॅटमागे १२ लुमेनच्या आसपास प्रकाश देतो. त्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांचे असते.

ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतील लेप त्यांचे प्रकाशात रूपांतर करतो. जुनी ४० वॅटची जाड ट्यूब वॅटमागे ६० लुमेनच्या आसपास प्रकाश देते. परंतु तिचा तांब्याच्या वेटोळ्याचा चोक स्वतःच १० वॅटहून अधिक वीज घेतो. हा खर्च हिशोबात धरला पाहिजे.

सीएफएल हे ट्यूबचेच आटोपशीर रूप होय. त्यात वॅटमागे ५० ते ६५ लुमेन मिळतात आणि आयुष्य ६,००० ते ८,००० तासांचे असते. मात्र त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. असा दिवा फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, केरसुणी न वापरता जाड कागदाने तुकडे गोळा करावेत व ते बंद डब्यात ठेवावेत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी सामान्य वापराच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेर थांबविण्याचे २०२३ मध्ये ठरविले आहे.

एलईडी दिव्यात तापणारी तार नाही आणि पाराही नाही. अर्धवाहक पदार्थातून वीज जाताना सरळ प्रकाश बाहेर पडतो. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाने पांढऱ्या प्रकाशाचा मार्ग खुला झाला आणि त्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चांगला एलईडी दिवा वॅटमागे ९० ते ११० लुमेन देतो आणि १५,००० तास किंवा अधिक टिकतो. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे कोट्यवधी बल्ब घरोघरी पोचले.

घरातील हिशोब

रोज सहा तास जळणारा ६० वॅटचा बल्ब तीस दिवसांत १०.८ युनिटे घेतो, १४ वॅटचा सीएफएल सुमारे २.५ युनिटे, तर ९ वॅटचा एलईडी १.६ युनिटे. युनिटचा दर ७ रुपये धरल्यास एलईडीमुळे बल्बच्या मानाने महिन्याला सुमारे ६४ रुपये वाचतात. शंभर रुपयांचा दिवा दोन महिन्यांच्या आतच आपली किंमत भरून काढतो.

‘झिरो’चा बल्ब मुळीच वीज घेत नाही, हाही एक रूढ समज आहे. प्रत्यक्षात असा जुना बल्ब सुमारे १५ वॅटचा असतो. रात्री दहा तास ठेवल्यास तो महिन्याला ४.५ युनिटे घेतो, म्हणजे वरील एलईडीच्या जवळजवळ तिप्पट.

पथदिव्यांचा विचार

सोडियमचे पिवळे दिवे मुळात कमी कार्यक्षम नाहीत. ७० वॅटचा दिवा वॅटमागे सुमारे ८० लुमेन देतो. परंतु त्याचा प्रकाश चहूबाजूंना पसरतो आणि बराचसा रस्त्यावर पडतच नाही. चोकसह त्याचा भारही सुमारे ८५ वॅट होतो. एलईडीचा प्रकाश रस्त्याकडे वळविता येत असल्याने तेथे साधारण ३५ वॅटचा दिवा पुरू शकतो. एखाद्या गावात असे ४० दिवे रोज ११ तास जळतात असे मानू. सोडियम दिव्यांना वर्षाला १३,६५१ युनिटे लागतील, एलईडींना ५,६२१. बचत ८,०३० युनिटांची, म्हणजे ७ रुपये दराने ५६,२१० रुपयांची होईल. खांबांतील अंतर व उंची पाहून एक-दोन खांबांवर आधी चाचणी घ्यावी आणि मगच संपूर्ण खरेदी करावी. दिवे भरदिवसा जळत राहिले तर ही बचत निष्फळ ठरते. यास्तव वेळेवर चालू-बंद होणारी स्वयंचलित कळ बसवावी.

खरेदीत भारतीय मानक चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन आणि लेखी हमी यांवर भर द्यावा. एलईडीचा आतील विद्युत-भाग उष्णतेने लवकर निकामी होतो. म्हणून तो दिवा पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात बसवू नये.

शाळेसाठी प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांना मीटरवरून प्रत्यक्ष दाखविता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटमागे लुकलुकणाऱ्या दिव्याची संख्या छापलेली असते. ती अनेकदा ३,२०० असते. इतर सर्व उपकरणे बंद करून ६० वॅटचा बल्ब दहा मिनिटे लावावा. मीटरचा दिवा ३२ वेळा लुकलुकेल. नंतर ९ वॅटचा एलईडी तितकाच वेळ लावल्यास पाचच्या सुमारास लुकलुक मोजली जाईल. विद्यार्थ्यांनी हीच नोंद घरी करून महिन्याचा हिशोब मांडल्यास गणित, विज्ञान आणि काटकसर यांचा धडा एकदमच मिळेल.

दिवा बदलणे हे लहानसे काम आहे. परंतु अनेक घरांनी, शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी ते हिशोबाने केले, तर वाचलेला पैसा पाणी, स्वच्छता व शिक्षण या कामी लावता येईल.