जोडणं सोपं, सोडणं अवघड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील. सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा ठरवला, कारण चूक माझी होती आणि नुकसान आपल्याच हॉस्टेलमधल्या एका ताईचं झालं.

आधी थोडी थिअरी. ऑनलाइन जर्नल्स आणि कॉलेजचा सर्व्हर फक्त कॅम्पसच्या आयपी पत्त्यावरून उघडतात. घरून किंवा मोबाईलच्या नेटवरून काम करायचं तर व्हीपीएन लागतं. व्हीपीएन म्हणजे आपल्या कॉम्प्युटरपासून कॉलेजपर्यंत खणलेलं कुलूपबंद भुयार. मात्र या भुयारात एका वेळी ठरावीकच माणसं मावतात.

रोज लिनक्सच्या टर्मिनलवर कमांड द्या, नाव टाका, पासवर्ड टाका, याचा मला कंटाळा आला. म्हणून स्क्रिप्ट लिहिली: ‘प्रोग्रॅम सुरू कर, ५ सेकंद थांब, पासवर्ड फेक.’ आपल्याकडे म्हणतात ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’, तसाच हा कारभार! नेट स्लो असलं की पासवर्ड विचारायच्या आधीच टाकला जायचा; कधी तर स्क्रीनवर चक्क उघडा दिसायचा.

मग मला ‘एक्सपेक्ट’ सापडली. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत डॉन लिब्स यांनी ती तयार केली आणि १९९० मध्ये मांडली. जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीसीएल’ भाषेवर ती उभी आहे. मुख्य शब्द चारच:

१. स्पॉन – प्रोग्रॅम सुरू करतो, आणि समोर खरं टर्मिनलच आहे असं त्याला भासवतो.
२. एक्सपेक्ट – ठरावीक अक्षरं स्क्रीनवर येईपर्यंत थांबतो. आपण काही सांगितलं नाही तर १० सेकंदच.
३. सेंड – उत्तर टाइप करतो.
४. इंटरॅक्ट – कीबोर्ड परत आपल्या हातात देतो.

म्हणजे प्रश्न ऐकून मगच उत्तर द्यायचं. व्हायवात आपण नेमकं उलटं करतो! एक्सपेक्टला एकाच वेळी अनेक शक्यता सांगता येतात: पासवर्ड विचारला तर पाठव, ‘लॉगिन चुकलं’ असं आलं तर लगेच बाहेर पड, काहीच आलं नाही तर थांबव. चुकलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवू नका, अकाउंट लॉक होऊ शकतं.

एवढं जमलं आणि मी हवेत गेले. तोडण्याचा विचारच केला नाही. ओपनकनेक्ट बंद करायला ‘किल उणे नऊ’ मारायचे. लाइट गेली की राऊटर बंद, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू. नेट आलं की स्क्रिप्ट पुन्हा नवीन भुयार खणायची. जुनी तशीच उघडी.

त्या रात्री ताई गंगाखेडला घरी होती. सकाळी तिचा फायनल रिव्ह्यू, आणि सिम्युलेशनचे निकाल कॉलेजच्या सर्व्हरवर. व्हीपीएन सारखं सांगत राहिलं, जागा नाही. बिचारी पहाटेच्या एसटीने आली आणि अर्धवट ग्राफ घेऊन सरांपुढे उभी राहिली. नंतर लॅबमधल्या सरांनी यादी उघडून मला बोलावलं. “अगं, तुझ्या एकटीच्या नावावर तिघं बसलेत इथं!” मला काय बोलावं तेच सुचेना.

आता मी काय करते ते सांगते. ओपनकनेक्टला सुरू करतानाच त्याचा प्रोसेस नंबर फाइलमध्ये लिहायला लावते. बंद करताना त्या नंबरला कंट्रोल-सीचा, म्हणजे ‘सिगइंट’ सिग्नल देते. मग तो सर्व्हरवरून रीतसर लॉगआउट होतो आणि नेटची आधीची सेटिंग्ज परत लावतो. ‘उणे नऊ’ने यातलं काहीच करायला त्याला सवड मिळत नाही. शेल स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावला आहे: स्क्रिप्ट संपो, मध्येच थांबवलेली असो की खिडकी बंद होवो, जाताना कनेक्शन तोडायचंच. लाइट गेल्यावर मात्र ट्रॅपचंही चालत नाही. म्हणून रिकामी कनेक्शन्स सर्व्हरनेच काही वेळाने काढून टाकावीत, अशी विनंती मी सरांना केली आहे.

आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका, कमांडच्या ओळीत तर मुळीच नाही. ‘पीएस’ मारला की लॅबच्या मशीनवर तो इतरांनाही दिसू शकतो. स्क्रिप्ट सुरू झाली की एकदाच हाताने टाका.

ताईची मी माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, “स्क्रिप्ट मलाही दे, पण तोडणारी आधी दे.” तुम्हीही लिहाल तेव्हा तोडणारी आधी लिहा. आपण उठून गेल्यावर त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसणार असतं.