युद्धाची तेजी आणि रयतेचे कर्ज

युद्धाचे परिणाम रणांगणापुरते मर्यादित राहत नाहीत. दूरदेशीच्या युद्धाने एखाद्या प्रदेशाची बाजारपेठ अकस्मात फुलते आणि तितक्याच अकस्मात कोसळते. अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) आणि तत्कालीन मुंबई इलाखा यांचा संबंध या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

कापसाची तेजी

त्या काळी लँकेशायरच्या कापडगिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या कापसावर चालत. उत्तरेच्या सरकारने तेथील बंदरांची नाकेबंदी करताच गिरणीमालकांना हिंदुस्थानच्या कापसाकडे वळावे लागले. भाव कित्येक पटींनी चढले व मुंबईत पैशाचा ओघ सुरू झाला. तो सामावून घेण्याइतके उद्योग नव्हते. परिणामी बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर त्याच्या अनेक पट किमतीस विकला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे या उलाढालीतील अग्रणी होते. बँक ऑफ बाँबेनेही शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली.

बाजार कोसळला

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले. ही वार्ता येताच कापसाचे व शेअरांचे भाव गडगडले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे व्यवहार पुरे करावयाचे होते; अनेक नामांकित पेढ्यांना ते जमले नाही. १८६८ मध्ये बँक ऑफ बाँबेही गुंडाळावी लागली.

खेड्यांवरील भार

ग्रामीण भागातील परिणाम अधिक काळ टिकले. तेजीत शेतकऱ्याची पत वाढली होती व सावकारही हात आखडत नव्हता. पुढे शेतमालाचे भाव उतरले. परंतु कर्ज व व्याज उतरले नाही. त्यातच १८६७ पासून इंदापूर तालुक्यात फेरआकारणी होऊन सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. उठावाचे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. या असंतोषास केवळ कापूस कारणीभूत नव्हता. तथापि तेजीत वाढलेली कर्जे हे त्याचे एक मूळ होते.

बोध

युद्ध चार वर्षांत संपले. रयतेच्या कर्जाचा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचण्यास आणखी चौदा वर्षे लागली. युद्धजन्य भाववाढ हे स्थायी उत्पन्न नव्हे. तिच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे कर्ज उभारण्यापेक्षा त्या मिळकतीतून जुने कर्ज फेडणे, विहीर-बांध यांसारखी टिकाऊ साधने निर्माण करणे हेच शेतकऱ्याच्या आणि गावाच्या हिताचे ठरते.